काच अडली कुठे?

जुन्या गाडीची पॉवर विंडो बंद पडली की पुष्कळ जण थेट नवी मोटर बसवून घेतात. ही घाई महागात पडते, कारण बिघाड अनेकदा दुसरीकडेच असतो.

आधी कान द्या. बटण दाबल्यावर मोटर घरघरते पण काच हलत नाही, तर बहुधा रेग्युलेटरची, म्हणजे काच वर-खाली नेणाऱ्या यंत्रणेची, केबल तुटलेली असते. आवाज नाही, पण गाडीतला दिवा किंचित मंदावतो, म्हणजे वीज पोहोचते आहे. मोटर किंवा काच अडकली आहे. दोन्ही नाही, तर फ्यूज, स्विच आणि वायर तपासा.

खरं कोडं स्विचचं. काच वर-खाली करायला मोटरमधल्या प्रवाहाची दिशा उलटवावी लागते. अनेक जुन्या गाड्यांत मागच्या दाराचा प्रवाह ड्रायव्हरजवळच्या मुख्य स्विचमधून फिरून येतो. तिथले कॉन्टॅक्ट काळे पडले, तर मागचा स्विच धडधाकट असूनही काच ढिम्म हलत नाही. म्हणून बटण दाबून धरा आणि मोटरच्या दोन वायरींवर १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावा. तो लख्ख पेटला आणि मोटर गप्पच, तरच मोटरवर संशय घ्यावा.

दार आणि खांबामधली रबरी नळीही मागे सरकवून बघा. दाराच्या उघडझापीने आतल्या वायरींचे तांब्याचे तंतू तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. दार अर्धवट उघडल्यावर काच चालू लागली, तर दोष इथेच आहे.

काच नुसती संथ असेल, तर रबरी खाचा पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं. आणि रेग्युलेटर खोलण्याआधी काच वर चिकटपट्टीने पक्की बांधा.