डोळ्यांआडचे संगणक

कल्पना कुठली?

मार्क वायझर कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात काम करत. माणसाला आपल्यासमोर खिळवून ठेवणारा संगणक त्यांना खटकत असे. १९८८ च्या सुमारास त्यांनी सर्वव्यापी संगणनाची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यावर लेख लिहिला. लहानमोठे अनेक संगणक भोवतालच्या वस्तूंत इतके मिसळून जावेत, की त्यांच्याकडे लक्षही जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. वायझर १९९९ साली वारले. त्यांनी कल्पिलेल्या जगात आज आपण राहतो.

रोजच्या व्यवहारात

गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगला बॅटरी नसते. टोलनाक्यावरचा रीडर रेडिओलहरी सोडतो. त्यांच्याच ऊर्जेवर टॅगमधली चिप क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि खात्यातून पैसे वळते होतात. भाजीवाल्याच्या गाडीवर जमा रक्कम मोठ्याने सांगणाऱ्या साउंडबॉक्समध्ये सिमकार्ड असते. नवे स्मार्ट मीटर ठरावीक मिनिटांनी विजेच्या वापराची नोंद स्वतःहून पाठवतात.

सुट्ट्या पैशांची कटकट गेली, नाक्यावरची रांग आटली. हा फायदा खराच आहे.

अंगठा लागला नाही तर?

पण रेशन दुकानात पाहा. ई-पॉस मशीनवर बोट टेकवले, ओळख पटली, की धान्य मिळते. वीटभट्टीवर, शेतात किंवा धुण्याभांड्यांत आयुष्य गेलेल्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. म्हातारपणी त्या आणखी पुसट होतात. मग ‘अंगठा लागत नाही’ एवढेच उत्तर मिळते. कधी नेटवर्क नसते, कधी सर्व्हर बंद असतो. दुकानदार समोरच्या आजींना वर्षानुवर्षे ओळखत असतो, पण त्याच्या ओळखीला मशीनपुढे किंमत नाही. या तंत्रज्ञानाची खरी परीक्षा मला इथे दिसते, महामार्गावर नाही. केवळ आधारची पडताळणी झाली नाही म्हणून कुणाचे धान्य अडवू नका, असे केंद्राने २०१७ सालीच राज्यांना कळवले आहे. रांगेत उभ्या असलेल्यांपर्यंत ते पोहोचायला हवे.

नोंद कुणाची?

यातली बहुतेक उपकरणे काम करताकरता नोंदही ठेवतात. गाडी कोणत्या नाक्यावरून कधी गेली, घर किती दिवस बंद होते, हे त्यांवरून कळू शकते. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही झाला. यंत्र नजरेआड राहिले तर हरकत नाही, त्याने ठेवलेली नोंद मात्र ज्याची त्याला पाहता आली पाहिजे.

तुमच्या ओळखीत कुणाचा अंगठा लागत नसेल, तर त्यांच्यासोबत दुकानात जा. मोबाइलवरचा ओटीपी किंवा डोळ्यांची पडताळणी, यांपैकी काय चालते ते विचारा आणि धान्य नाकारले गेले, तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात लेखी तक्रार द्या.