पूर्वेस बांध

द्वितीया होती, म्हणजे भरती दीडच्या सुमाराला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं इकडेतिकडे होतं, पण जाळं टाकायला आणि उघाडीवर नजर ठेवायला तेवढा हिशेब पुरतो. मोजणीवाले मात्र साडेदहालाच हजर झाले, कारण पत्रात साडेदहा लिहिलं होतं. मग सगळेच बांधावर बसून पाण्याची वाट पाहू लागलो.

अलिबाग तालुक्याची पश्चिम बाजू सगळ्यांच्या ओळखीची. मांडवा, किहीम, आक्षी, नागाव, ओहोटीला चालत जाता येणारा कुलाबा किल्ला. पूर्वेला धरमतर खाडीच्या अंगाला, शहापूर-धेरंडच्या पट्ट्यात कोणी सहलीला येत नाही. इथे वाळू नाही, गाळ आहे. भाताची खाचरं उधाणाच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहेत आणि खाडी आणि भात यांच्यामध्ये आहे तो फक्त मातीचा बांध. याला खारबंदिस्ती म्हणतात. बांधाला जागोजागी उघाड्या. उघाडीची झडप बाहेरच्या बाजूला उघडते. भरतीचं पाणी रेटा देतं तेव्हा ती आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, पंप नाही. चंद्रावर चालणारं यंत्र म्हणायला हरकत नाही.

आम्ही बसलो होतो तिथून पन्नासेक पावलांवर बांधाला खांड पडलेली होती.

जमीन काकांची, एका वयस्क शेतकऱ्याची. त्यांचा पुतण्या पनवेलला असतो आणि त्याला वाटतं की आता विकावं. 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो येते, 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला, आणि तालुक्यातल्या खडकाळ माळालाही गिऱ्हाईक फिरू लागलं. गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. तो विचारतो, ‘सीआरझेडमध्ये आहे का?’ सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. हा शब्द रायगडात आता सातबाराइतकाच रुळलाय. 8 मार्च 2019 ला किहीमचा नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला, तेव्हापासून तर शाळकरी पोरांनाही तो कळतो. (त्याच किहीममध्ये 1930 च्या सुमारास सलीम अली सुगरणींची घरटी बघत बसले होते. गावाचं नाव सुरुंगामुळे जास्त गाजलं.)

तर मोजणी कशासाठी, तर या गटाचा किती भाग नियमाच्या आत येतो ते ठरवण्यासाठी. सगळं एका रेषेवर अवलंबून: उच्चतम भरतीरेषा. उधाणाचं पाणी जमिनीवर जिथवर पोचतं ती रेघ. 19 फेब्रुवारी 1991 च्या पहिल्या अधिसूचनेपासून 2011 आणि 2019 च्या अधिसूचनांपर्यंत अंतरं बदलत गेली, पण सगळी अंतरं मोजायची ती या रेघेपासून. उघड्या समुद्रकाठी 500 मीटर. खाडीकाठी 2011 मध्ये 100 मीटर, 2019 मध्ये 50, किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते. रेघ आखायचा अधिकार देशातल्या मोजक्या केंद्रमान्य संस्थांना. मंजूर आराखडा 1:25,000 प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर 25 मीटर. पेन्सिलीला टोक नीट केलेलं नसेल तर रेघेच्या जाडीतच एक घर आणि पुढचं अंगण मावतं. म्हणून गावपातळीवर 1:4,000 चा नकाशा लागतो, त्यावर गट नंबर चढवावे लागतात, आणि मग एखाद्या तरुण सर्वेक्षकाला उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या रोव्हरची काठी घेऊन चिखलात उतरावं लागतं.

त्याच्याबरोबर भूमी अभिलेखचा भूकरमापक होता, ग्राम महसूल अधिकारी होते (त्यांना सगळे अजून तलाठी आप्पाच म्हणतात), आणि कांदळवनाच्या वनरक्षक मॅडम. सर्वेक्षकाकडे उपग्रह होते. मॅडमकडे झाडं होती, आणि मला त्यांचं काम बघण्यात जास्त गोडी वाटली.

खांडीतून आत शिरलेल्या खाऱ्या पाण्यानं पूर्वीच्या भातखाचरात तिवरं उगवली आहेत. काही कमरेइतकी, काही डोक्यावर गेलेली. मॅडमनी एक पान तोडून मला दिलं आणि मागची बाजू चाटायला सांगितली. खारट! तिवर मुळांतून घेतलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. चिखलातून बोटं वर काढल्यासारखी त्याची श्वासमुळं उभी होती. प्रत्येक मुळाला एका ठरावीक उंचीपर्यंत गाळाचा लेप, वर कोरडं. ‘पाणी कुठवर येतं हे यंत्र नंतर सांगेल, आधी हे बघा,’ त्या म्हणाल्या. काठानं मारांडीची काटेरी पानं, त्याच्या वर थोड्या उंचवट्यावर मोरस, आणि मोरस संपते तिथून पुढे वाळलेलं साधं गवत. वनस्पतींचा हा क्रम म्हणजे पाण्यानं स्वतः आखलेली रेघ. फक्त ती सरळ नाही. उंदराच्या बिळाशी वळते, म्हशींच्या वाटेवर आत घुसते.

कायदा इथे मोठा चमत्कारिक होतो. 1991 च्या आधीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा त्या बांधावरच थांबते, असं अधिसूचना सांगते. म्हणजे पाच-सहा पिढ्यांनी पायानं तुडवून रचलेली ही माती केंद्र सरकारच्या लेखी देशाचा किनारा आहे. पण बांध फुटून खारं पाणी आत गेलं आणि तिवरं उगवली, तर तेवढी जागा सर्वांत कडक वर्गात, सीआरझेड-एक-अ मध्ये जाते, क्षेत्र कितीही लहान असो. मुंबई उच्च न्यायालयानं आधी 2005 च्या आदेशात आणि मग 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात स्पष्ट केलं की जमीन सरकारी असो वा खासगी, कांदळवन तोडता येणार नाही, आणि भोवतीची 50 मीटर जागाही सोडावी लागेल. सातबाऱ्यावर भात, जमिनीवर तिवर, आणि दोन्ही खरं.

मला कांदळवनाबद्दल प्रेम आहे. ते तोडून भराव टाकणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. उरणकडे पाणथळ जागांच्या बाजूनं फिरलेला माणूस ती घेऊ शकत नाही. पण इथे खाडीचं पाणी कोणी अडवलं नव्हतं, उलट ते अडवायचं राहून गेलं होतं. राखायचं ते तिवर राखलंच पाहिजे. ते उगवायचं कारण मात्र पंचनाम्यात कुठेच बसत नाही.

‘पयले जोळ व्हायचा,’ काका म्हणाले. जोळ म्हणजे प्रत्येक घरामागे एक माणूस, सगळ्यांनी मिळून बांधाची डागडुजी. चिंबोरीनं बीळ पाडलं की तिथून पाणी झिरपतं, बीळ रुंदावतं, आणि एखाद्या उधाणाच्या रात्री बांध बसतो. त्या रात्री ढोल वाजला की अख्खं गाव गाळ आणि पेंढा घेऊन पळायचं. याच तालुक्यात चरीच्या कुळांनी 1933 पासून जवळजवळ सहा वर्षं जमीन पडीक ठेवून संप केला, तो याच खारपट्टीतल्या भातावरच्या खंडासाठी. पुढे 1948 चा खारजमिनींचा कायदा आला, 1979 चा आला, बांध सरकारी योजनांत गेले. योजनेतल्या बांधाला कोण हात लावणार, अंदाजपत्रक कधी मंजूर होणार, आणि तोवर चिंबोरीनं थांबायचं का, हे प्रश्न गावात उरले. तरणी माणसं कंपन्यांत, पनवेलला, पेणला. खांड पडली तेव्हा काकांच्या मते पाच माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम होतं. पाच माणसं जमली नाहीत.

काहींनी त्यातूनही वाट काढली. आत साचलेल्या पाण्यात जिताडा मासा सोडला. अलिबाग-पेणच्या जावयाला जिताड्याची किंमत सांगावी लागत नाही, आणि बऱ्याच घरांत भातापेक्षा तलावावर जास्त पैसा येतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत, पण त्या थोड्याफार क्षारांसाठी, रोज दोनदा येणाऱ्या समुद्रासाठी नव्हेत.

सव्वाला पाणी दिसू लागलं. लाट वगैरे काही नाही. चिखल फक्त जास्त चमकायला लागला. निवट्या उड्या मारत वर सरकल्या. खांडीतून पाणी आत येताना आधी बारीक आवाज झाला, मग आवाजही नाही. सर्वेक्षक चपळ निघाला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्याच्या कडेनं काठी टेकवत गेला, दर दहा पावलांवर एक बिंदू. प्रत्येक बिंदूला रोव्हर टिटवीसारखा टिकटिकायचा. काका त्याच्या मागून चालत होते. एके ठिकाणी म्हणाले, ‘सायेब, हितं नको. पानी हितवर येत नाय, आज वारा हाय म्हनून आला.’ पोरानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मुळांकडे पाहिलं. तो बिंदू पुसला गेला.

पावणेदोनला पाणी थबकलं. दहा मिनिटं काहीच हललं नाही, मग खांडीतल्या पेंढ्याच्या काड्या उलट्या दिशेनं निघाल्या.

पंचनामा बांधावरच लिहिला. तलाठी आप्पांनी मांडीवर पुठ्ठा घेतला. गट नंबर, क्षेत्र, तिवरांचा अंदाजे विस्तार, हजर माणसं. मग चतुःसीमा. पश्चिमेस, रस्ता. उत्तरेस आणि दक्षिणेस शेजाऱ्यांचे गट. ‘पूर्वेस, खाडी,’ आप्पा स्वतःशीच बोलत लिहायला लागले.

‘खाडी नाय,’ काका म्हणाले. ‘बांध. बांधाच्या पलीकडं खाडी.’

‘अहो, पण पाणी तर...’

‘बांध लिवा.’

आप्पांनी भूकरमापकाकडे पाहिलं, त्यानं जुना गावनकाशा उलगडून दाखवला. नकाशात बांध अखंड होता. आप्पांनी ‘खाडी’ खोडलं, बाजूला छोटी सही केली आणि वर लिहिलं, ‘बांध (नादुरुस्त)’. काकांनी तो कंस बराच वेळ वाचला. मग पेन मागितलं, सही केली, आणि सर्वेक्षकाला म्हणाले की तुमचं ते तीन पायांचं जरा उचला, तिथली माती चांगली चिकट आहे, दोन पाट्या मला लागतील.