सोळा बाइटांची ओळख

हेडसेटच्या कडेला एक बारीक दिवा असतो. बटण पाच-सात सेकंद दाबून धरलं की तो लाल-निळा, लाल-निळा लुकलुकायला लागतो. म्हणजे स्वारी नवी ओळख करून घ्यायला तयार झाली. माझ्या टेबलावर तो दिवा पाऊण तास लुकलुकत होता. समोर लॅपटॉप, त्यावर लिनक्स. यादीत हेडसेटचं नाव अगदी ठळक दिसत होतं. मी ‘कनेक्ट’ दाबायचे, छोटं चक्र गरगर फिरायचं आणि पुन्हा सामसूम.

बरं, हेडसेट बिघडला म्हणावं तर तो फोनला एका क्षणात जोडला जात होता. लॅपटॉप बिघडला म्हणावं, तर त्याच लॅपटॉपवर विंडोजही आहे, आणि विंडोज सुरू केलं की हाच हेडसेट शहाण्या मुलासारखा ‘कनेक्टेड’ म्हणायचा. तोच हेडसेट, तीच चिप, तेच टेबल. मग अडतंय कुठे? ते शोधायला बसले आणि रात्र कधी सरली कळलं नाही. कारण ‘जोडलं गेलं’ या साध्या दोन शब्दांच्या खाली जे काय चालतं, ते भन्नाट आहे!

सुरुवात अगदी खालून केली. संगणकाचा रेडिओ मुळात चालू आहे का? लिनक्समध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ अशी कमांड दिली की उत्तर येतं, आणि त्यात दोन प्रकारचे अडसर वेगवेगळे दाखवलेले असतात: सॉफ्ट आणि हार्ड. दाराची कडी आतून लागलीय की बाहेरून, इतका सरळ फरक. सॉफ्ट अडसर ‘आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’ या कमांडने निघतो. हार्ड असेल तर कीबोर्डवरची कळ किंवा बायोसची सेटिंग बघावी लागते. माझ्याकडे दोन्हींपुढे ‘नो’. म्हणजे दार उघडं होतं.

मग चिप. इथे मला पहिला धक्का बसला. लॅपटॉपमधल्या बऱ्याच ब्लूटूथ चिपांना, चालू झाल्याबरोबर, स्वतःचं काम येतच नसतं! त्यांच्यात कायमचं लिहिलेलं असतं ते एवढंच, की ‘कोणीतरी येऊन मला शिकवा’. दर वेळी संगणक सुरू होताना लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, डिस्कवरची फर्मवेअरची (चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल उचलतो आणि चिपला सगळा धडा पहिल्यापासून पढवतो. वीज गेली की पाटी कोरी. ती फाइलच नसेल तर विंडोजमध्ये तुरुतुरु चालणारी चिप लिनक्समध्ये ठोंब्यासारखी बसून राहते. कर्नलची रोजनिशी म्हणजे ‘डीमेसेज’ उघडून पाहिली. फर्मवेअर सापडलं, चढवलं, सगळं ठीक. चिप शिकून तयार होती.

आता शोध. हे कोडं तुम्हीच सोडवून बघा. जत्रेत दोघांची चुकामूक झाली आहे. दोघंही फिरत राहिले तर एकमेकांना हुलकावण्या देत बसतील. दोघंही एका जागी उभे राहिले तर कधीच भेटणार नाहीत. ब्लूटूथच्या दोन यंत्रांची हीच अवस्था असते. शोधासाठी बत्तीस ठराविक वारंवारता आहेत, पण समोरचा आत्ता कुठली ऐकतोय हे कोणालाच ठाऊक नाही. तोडगा असा: एकानं संथ व्हायचं, दुसऱ्यानं धावायचं. हेडसेट १.२८ सेकंद एकाच वारंवारतेला धरून राहतो, मग पुढची घेतो. लॅपटॉप तेवढ्या वेळात पळत सुटतो आणि सेकंदाला ३२०० वेळा वारंवारता बदलत ‘कोणी आहे का, कोणी आहे का’ असं ओरडतो. कधीतरी गाठ पडतेच. पुरता शोध १०.२४ सेकंदांचा ठरवलेला आहे. ‘सर्चिंग’ बघत आपण कंटाळतो ना, त्या दहा सेकंदांत ही जत्रा चाललेली असते. (आणि दिवा लुकलुकत नसेल तर हेडसेट या हाकेला ओ देतच नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असा माझा अंदाज.)

गाठ पडल्यावर तरी दोघं एका जागी बसतात का? मुळीच नाही. ब्लूटूथला २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकूण ७९ अरुंद गल्ल्या मिळतात, आणि लॅपटॉप व हेडसेट बोलता बोलता सेकंदाला कमाल १६०० वेळा गल्ली बदलतात. एका गल्लीत ६२५ मायक्रोसेकंद, की निघाले. ६२५ मायक्रोसेकंद म्हणजे किती? तुम्ही टाळी वाजवली, तर तेवढ्या वेळात तिचा आवाज जेमतेम वीतभर पुढे जातो. आवाज वीतभर सरकेपर्यंत ही जोडी पुढच्या गल्लीत! संदेश लांबलचक असेल तर एखाद्या गल्लीत पाच पट वेळ रेंगाळतात, इतकंच.

पण पुढची गल्ली कुठली हे दोघांना कसं कळतं? दर वेळी सांगत बसावं तर बोलायला वेळच उरणार नाही. तर दोघं एकाच पंचांगावर चालतात. लॅपटॉपच्या चिपचा पत्ता आणि तिच्या आतलं घड्याळ, एवढ्या दोन गोष्टी हेडसेटला सुरुवातीलाच कळतात. ते घड्याळ सेकंदाला ३२०० टिकटिक करतं आणि साधारण तेवीस तासांनी पुन्हा शून्यावर येतं. पत्ता आणि घड्याळातला आकडा एका सूत्रात घातला की गल्लीचा नंबर निघतो. दोघं आपापल्या जागी गणित करतात आणि दर वेळी एकाच उत्तरावर भेटतात.

एवढी पळापळ कशासाठी? कारण हा पट्टा म्हणजे सार्वजनिक मैदान. वाय-फाय इथेच, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच आसपास, आणि गंमत म्हणजे यूएसबी ३ची काही उपकरणंसुद्धा चालताना याच पट्ट्यात खरखर सांडतात. म्हणून ब्लूटूथचा डाँगल यूएसबी ३च्या हार्डडिस्कला चिकटून बसला असेल तर आवाज तुटतो, आणि हातभर एक्स्टेन्शन वायर लावून तो लांब नेला की सुधारतो. २००३ पासून ब्लूटूथला आणखी एक अक्कल आली: कुठल्या गल्ल्यांत गोंगाट आहे ते बघायचं आणि त्या यादीतून काढून टाकायच्या. किमान वीस मात्र ठेवायच्याच.

वारंवारता बदलत राहण्याच्या कल्पनेचं एक जुनं पेटंट हॉलिवूडची तारका हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्या नावावर आहे, १९४२ चं. पाणतीरांना रेडिओने दिशा द्यायची, शत्रूला मात्र त्यात अडथळा आणता येऊ नये, असा त्यांचा बेत. अँथाइलला आपोआप वाजणाऱ्या पियानोंचं वेड. त्या पियानोत भोकं पाडलेली कागदी गुंडाळी असते. तशाच दोन जुळ्या गुंडाळ्या, एक जहाजावर, एक पाणतीरात. आणि वारंवारता ८८, पियानोच्या पट्ट्या असतात तेवढ्याच! ब्लूटूथ हेडी लमारनंच शोधलं, असं व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. ते खरं नाही. ब्लूटूथची सुरुवात १९९४ च्या सुमारास स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीत झाली, आणि वारंवारतेच्या उड्यांवर इतरांनीही काम केलं होतं. तरी त्या जुळ्या गुंडाळ्यांत आजचं पंचांग दिसतं, हे मान्य करायलाच हवं.

हे सगळं माझ्याकडे ठाकठीक चालू होतं. हेडसेट सापडत होता, उत्तर देत होता आणि तरी नको म्हणत होता. पडद्यावरच्या त्रासिक ओळींत एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता: ‘ऑथेंटिकेशन’. म्हणजे भांडण ओळखीवरून होतं.

दोन यंत्रांची ‘पेअरिंग’ होते म्हणजे काय? दोघं मिळून एक गुपित आकडा ठरवतात. आता विचार करा, दोघं अनोळखी, भर चौकात उभे, आणि प्रत्येक शब्द सगळ्यांना ऐकू जातोय. तरी त्यांनी असं गुपित ठरवायचं की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. शक्य आहे? आहे! गोड्या मसाल्याचं बघा. भाजून, कुटून एकजीव झालेल्या मसाल्यातून धणे आणि दगडफूल परत वेगळं काढता येतं का? दोघांनी सारखंच धण्याचं कूट घ्यायचं. प्रत्येकानं त्यात आपला गुप्त जिन्नस कुटायचा आणि ती पुडी सगळ्यांदेखत दुसऱ्याला द्यायची. मग आलेल्या पुडीत पुन्हा आपलाच जिन्नस घालायचा. दोघांच्या हाती शेवटी एकच मसाला येतो, आणि बघ्यांच्या हाती काहीच नाही. यंत्रं हेच आकड्यांनी करतात. २००७ पासून ब्लूटूथमध्ये ही सोय आहे. हेडसेटला ना पडदा ना बटणांची पाटी, त्यामुळे फोन-फोनमध्ये जुळवतो तसा सहा आकडी नंबर इथे कोणी जुळवत नाही. या प्रकाराचं अधिकृत नावच ‘जस्ट वर्क्स’ आहे. पाऊण तासानंतर ते वाचताना मला हसावं की रडावं कळेना.

या मसाल्यातून शेवटी निघते ती किल्ली: लिंक की. लांबी १२८ बिट, म्हणजे सोळा बाइट. एवढीशी, पण तिच्या शक्यता मोजायच्या तर ३९ अंकी आकडा होतो. दोघं ती आपापल्याकडे जपून ठेवतात आणि त्यानंतर हवेत कधीही उच्चारत नाहीत. पुढच्या भेटीला एकजण कुठलाही आकडा फेकतो, दुसरा तो किल्लीसोबत घोटून उत्तर देतो. उत्तर जुळलं तर आत, नाही तर वाटेला लागा.

लिनक्सची ही बाजू तर उघडून बघता येते. ‘वार’ फोल्डरमध्ये ‘लिब’, त्यात ‘ब्लूटूथ’, त्यात लॅपटॉपच्या चिपचा पत्ता, त्यात हेडसेटचा पत्ता, आणि त्यात ‘इन्फो’ नावाची साधी मजकुराची फाइल. मूळ मालकाचे, म्हणजे रूटचे, अधिकार वापरून ती उघडली. ‘लिंककी’ या मथळ्याखाली ‘की’, बरोबरचं चिन्ह आणि बत्तीस अक्षरं, एका बाइटला दोन. यंत्रांची सगळी मैत्री त्या एका ओळीत!

आणि तिथेच डोक्यात प्रकाश पडला. हेडसेट आपल्या डायरीत नोंद करतो ती पत्त्याच्या नावाने. पत्ता असतो चिपचा. लिनक्स आणि विंडोज हे एकाच घरात राहणारे जुळे भाऊ, पत्ता एकच. लिनक्सनं आधी ओळख केली, हेडसेटनं किल्ली लिहून घेतली. मग विंडोजनं त्याच पत्त्यावरून नवी ओळख केली. हेडसेटनं जुनी किल्ली खोडून नवी लिहिली. हे लिनक्सला कोण सांगणार? तो बिचारा जुनीच किल्ली घेऊन दारात उभा. हेडसेट म्हणतोय, पत्ता बरोबर, खूण चुकीची!

उपाय मग सरळ झाला. दोन्हीकडे एकच किल्ली ठेवायची. आधी लिनक्समध्ये पेअर, त्यानंतर विंडोजमध्ये, म्हणजे हेडसेटच्या लक्षात विंडोजची किल्ली राहते. ती विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘बीटीएचपोर्ट’ या नावाखाली असते, आणि ही जागा अॅडमिनिस्ट्रेटरलाही सहजी दिसत नाही. लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन उघडून ‘सीएचएनटीपीडब्ल्यू’ या हत्याराने मात्र ती वाचता येते. ती बत्तीस अक्षरं इन्फो फाइलमध्ये जुन्यांच्या जागी लिहिली, ब्लूटूथची सेवा पुन्हा सुरू केली आणि ‘कनेक्ट’ दाबलं. चक्र फिरलंसुद्धा नाही. कानात टुणकन आवाज आला.

ज्यांच्याकडे एकच ऑपरेटिंग सिस्टीम आहे, त्यांना एवढं करायची गरज नाही. ‘ब्लूटूथसीटीएल’मध्ये जाऊन ‘रिमूव्ह’नं जुनी ओळख पुसा आणि ‘स्कॅन ऑन’, ‘पेअर’, ‘ट्रस्ट’, ‘कनेक्ट’ याच क्रमानं नव्यानं करा. ‘ट्रस्ट’ गाळू नका. ते केलं तरच हेडसेट उद्या सकाळी तुम्हाला न विचारता आपणहून जोडला जाईल.

दुसऱ्या दिवशी गाणं ऐकता ऐकता ऑनलाइन मीटिंगसाठी माइक सुरू केला आणि गाण्याचा सुरेल आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला. हा बिघाड नाही. गाण्यासाठी ब्लूटूथ एकेरी, रुंद रस्ता वापरतं. माइक लागला की दुहेरी, अरुंद रस्त्यावर येतं, ज्यात आवाजाचे सेकंदाला सहसा फक्त ८००० किंवा १६००० नमुने मावतात. सीडीवर ४४,१०० असतात. आवाजाच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा आणि हेडसेट फक्त ऐकायला ठेवा, गाणं पूर्ववत.

तुमच्याही लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम असतील आणि हेडसेट रोज नव्यानं रुसत असेल, तर दुसरा विकत घेण्याआधी ती इन्फो फाइल एकदा उघडून बघा. हात लावण्यापूर्वी तिची एक प्रत मात्र बाजूला काढून ठेवा. बत्तीसपैकी एक अक्षर चुकलं तरी हेडसेट ओळख देत नाही.