प्रतिकृति-रेल्वेच्या उपसाधनांचे दूरवर्ती नियंत्रण
प्रतिकृति-रेल्वेच्या मांडणीतील सांधे, सिग्नल, फाटके, दिवे इ. उपसाधने एका मध्यवर्ती ठिकाणाहून विद्युत् संकेतांनी चालविण्याची पद्धती. महाराष्ट्रात पुणे येथील कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या व १९९८ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या लघुरेल्वे संग्रहालयात अशी चालती मांडणी पाहावयास मिळते.

उपसाधनांचे प्रकार : उपसाधन कसे जोडावयाचे हे त्याच्या विद्युत् प्रवाहाच्या गरजेवरून ठरते. दोन वेटोळ्यांच्या विद्युत् चुंबकाने हलणाऱ्या सांध्याला जोरदार परंतु क्षणभरच प्रवाह लागतो. तो चालू राहिल्यास वेटोळे तापून जळते. म्हणून धारित्रात साठविलेला विद्युत् भार एका स्पंदात वेटोळ्यात सोडतात. स्पंद संपला की, कळ दाबलेली राहिली तरी घातक प्रवाह वाहत नाही. याउलट संथगती चलित्राला काही मिलिअँपिअर प्रवाह सतत दिला तरी चालतो; सांध्याची पट्टी रुळाला टेकली की, ते दाब कायम ठेवून थांबते. सर्व्हो चलित्राची स्थिती मात्र सु. १ ते २ मिलिसेकंद रुंदीच्या, पुनःपुन्हा येणाऱ्या स्पंदांनी ठरते. सिग्नलमधील एलईडी दिव्याला रोधक आवश्यक असतो. उदा., पुरवठा १२ व्होल्ट, दिव्यावरील दाब २ व्होल्ट व प्रवाह १० मिलिअँपिअर असल्यास १,००० ओहमचा रोधक लागतो.

मांडणी कोणत्या काळाची आहे, यावरही साधनांची निवड अवलंबून असते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग १९०० च्या सुमारास मीटरमापी म्हणून सुरू झाला व शहराकडील भागाचे रुंदमापी रूपांतर १९९० नंतरच्या दशकात झाले. १ : ८७ प्रमाणातील मांडणीत मीटरमापी मार्गासाठी १२ मिमी. अंतराचे रूळ वापरतात. जुन्या काळाचे दृश्य उभे करताना हात वरखाली होणाऱ्या सिग्नलला चलित्र लागते, तर आजच्या रंगीत दिव्यांच्या सिग्नलला केवळ प्रकाशमंडल पुरते.

अंकीय पद्धती : प्रत्येक सांध्याला नियंत्रण-फलकापासून स्वतंत्र तारा नेल्यास, परतीची तार सामाईक ठेवूनही, दोन वेटोळ्यांच्या २० सांध्यांना ४१ तारा लागतात. अंकीय पद्धतीत दोनच तारांची जोडी सर्व मांडणीखालून फिरविली जाते व प्रत्येक उपसाधन विसंकेतकामार्फत, म्हणजेच डिकोडरमार्फत, तिला जोडतात. जर्मनीतील लेन्झ कंपनीने विकसित केलेली अशी पद्धती अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० नंतरच्या दशकात प्रमाणित केली. तीत तारांमधील विद्युत् दाबाची दिशा सतत पालटत असते. पालटण्याच्या कालावरून अंक ओळखला जातो : प्रत्येक अर्ध्या भागास ५८ मायक्रोसेकंद लागल्यास १ आणि सु. १०० मायक्रोसेकंद वा अधिक लागल्यास ०. प्रत्येक संदेशात पत्ता, आज्ञा व पडताळणीचे अंक असतात. पडताळणी न जुळल्यास विसंकेतक संदेश टाकून देतो. उपसाधनांच्या मूळ पत्तायोजनेत ५११ विसंकेतक व प्रत्येकी ४ याप्रमाणे २,०४४ उपसाधने हाताळता येतात.

विसंकेतकांना रुळांवरूनच वीज दिल्यास एक अडचण उद्भवते. गाडी उलट लागलेल्या सांध्यात शिरून मंडल संक्षिप्त झाले की, रुळांचा पुरवठा तुटतो व जो सांधा पालटल्याने अडथळा दूर व्हावयाचा, तोच हलू शकत नाही. म्हणून उपसाधनांना स्वतंत्र पुरवठा व स्वतंत्र तारजोडी देणे हितावह असते.

प्रतिसंदेश व आंतरबंधन : मूळ अंकीय पद्धती एकमार्गी आहे. आज्ञा पाठविली याचा अर्थ सांधा पालटला, असा होत नाही. पट्टी अडकली तरी फलकावरील दिवा नवीच दिशा दाखवितो. यास्तव सांध्याच्या पट्टीला जोडलेल्या संपर्कांमधून तिची प्रत्यक्ष स्थिती परत कळवितात आणि ती जुळल्यावरच सिग्नलला हिरवा दिवा मिळेल, अशी मंडलरचना करतात. खऱ्या रेल्वेतील आंतरबंधनाचे तत्त्व हेच आहे. ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात २ जून २०२३ रोजी सांधा बाजूच्या मार्गाकडे असताना मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा मिळाला व अपघातात २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आधीच्या मंडलबदलातील व फाटकाच्या विद्युत् अडसराच्या कामातील सदोष तारजोडणी हे त्याचे कारण चौकशीत आढळले. प्रतिकृतीत अशा चुकीने फार तर डबे घसरतात. मात्र प्रत्येक जोडणी उपसाधनाची प्रत्यक्ष हालचाल पाहून तपासावयाची, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच आहे.