क्रमांक आणि वेळ

अवसरी बुद्रुक आणि एकंदरच आंबेगाव-जुन्नर भागात यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीची एक पद्धत आहे. घाटात एका वेळी एकच गाडा धावतो. ठरावीक सेकंदांच्या आत बारी पूर्ण करणारे सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्यानंतरचे दुसऱ्या नंबरात. सर्वांत कमी वेळेचा गाडा ‘घाटाचा राजा’. म्हणजे इथे स्पर्धा आधी घड्याळाशी आणि मग इतरांशी असते. शाळेच्या मैदानावर मात्र आपण बहुधा उलट करतो. पहिले तीन क्रमांक लिहून घेतो आणि वेळ नोंदवतच नाही. या दोन मोजमापांत फरक काय, हे एका धावपटूच्या उदाहरणावरून पाहू.

अविनाश साबळे हे बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. बारावीनंतर ते सैन्यात गेले, सियाचीनलाही होते. त्यांचा प्रकार ३००० मीटर स्टीपलचेस. त्यात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात.

टोकियो ऑलिंपिक, २०२१. प्राथमिक फेरी तीन गटांत झाली. प्रत्येक गटातले पहिले तीन आणि उरलेल्यांपैकी सर्वांत कमी वेळेचे सहा अंतिम फेरीत जाणार होते. साबळे ८ मिनिटे १८.१२ सेकंदांत धावले. हा नवा राष्ट्रीय विक्रम होता. पण त्यांच्या गटात ते सातवे आले आणि बाहेर पडले. तिसऱ्या गटात पहिला आलेला मोरोक्कोचा सूफियान एल बक्काली त्यांच्यापेक्षा हळू धावला होता. पुढे सुवर्णपदक त्यालाच मिळाले. मग साबळे अपयशी ठरले का? क्रमांक म्हणतो, हो. घड्याळ म्हणते, ते आजवर इतके वेगात कधीच धावले नव्हते.

याच्या उलटही घडते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळ देऊन त्यांना रौप्यपदक मिळाले. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ८:१९.५० ही आठ सेकंद अधिक वेळ असूनही सुवर्णपदक मिळाले. क्रमांक आपल्या धावण्याइतकाच बरोबरीच्यांवर अवलंबून असतो. वेळेवरही हवेचा आणि सोबतच्यांच्या गतीचा परिणाम होतो, पण तिची तुलना आपल्याच कालच्या वेळेशी करता येते. साबळेंनी तेच केले. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी ८:२९.८० वेळ देऊन गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा विक्रम मोडला. त्यानंतर त्यांनी स्वतःचाच विक्रम वारंवार मोडत २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ पर्यंत मजल मारली. त्या शर्यतीत ते सहावे होते! सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद कमी झाले. त्याच वर्षी ते ऑलिंपिकच्या या शर्यतीत अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय पुरुष ठरले आणि अकरावे आले.

बर्मिंगहॅमला केनियाचा अब्राहम किबिवॉट ८:११.१५ वेळेत जिंकला. फरक ०.०५ सेकंदाचा. साबळेंचा सरासरी वेग काढा: ३००० मीटर भागिले ४९१.२ सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.१ मीटर. त्याला ०.०५ ने गुणा. सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे आपली एक फूटपट्टी! सुवर्ण आणि रौप्य यांच्यात एवढेच अंतर होते. १९९४ नंतर या शर्यतीत राष्ट्रकुलचे पदक केनियाबाहेर गेले, ते याच वेळी.

हे मोजणे हातातल्या घड्याळाला जमत नाही. डोळ्यांनी पाहून बोटाने कळ दाबेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात, म्हणजे वरच्या फरकाच्या चौपट. म्हणून मोठ्या स्पर्धांत अंतिम रेषेवर कॅमेरा असतो. वर्गात मात्र हीच त्रुटी प्रयोगाचा विषय होऊ शकते. एकाच धावण्याची वेळ तीन मुलांना घेऊ द्या, तिन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि सरासरी काढा. आकडे का जुळत नाहीत, हे मुलांनाच शोधू द्या.

मग दर आठवड्याला तेच अंतर धावून प्रत्येकाने स्वतःच्या वेळेचा आलेख वहीत काढावा. चाळीस मुलांच्या वर्गात पहिला क्रमांक एकालाच मिळतो. उरलेल्या एकोणचाळीस जणांना ‘तू हरलास’ एवढेच सांगितले, तर पुढच्या वेळी ती धावणार नाहीत. अकरावा आलेला माणूस देशाचा सर्वांत वेगवान स्टीपलचेस धावपटू असू शकतो, हे त्यांना जरूर सांगावे असे आम्हाला वाटते. मात्र त्यासाठी वेळ नोंदवलेली हवी.