घरातील दिवा कोणता निवडावा?
गोराईच्या निमित्ताने शेतकरी व मच्छीमार कुटुंबांसाठी चार हिशेबाच्या गोष्टी

सायंकाळी बोरिवलीच्या बाजूने होडीत बसून खाडी ओलांडू लागले की पाठीमागे शहरातील उंच इमारतींचा झगमगाट दिसतो आणि समोर, तिवरांच्या काळ्या रेषेपलीकडे, गोराईतील घरांचे दिवे एकेक करून लागू लागतात. हे गाव बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असले तरी मासेमारी व शेती यांच्याशी त्याचे जुने नाते आहे. मासळी बाजारात न्यावयाची असो की भाजीची जुडी बांधावयाची असो, अशा घरात पहाट होण्यापूर्वीच दिवा लावावा लागतो आणि रात्री मुलांचा अभ्यास संपेपर्यंत तो विझत नाही. ज्या घरात दिवा दिवसाच्या दोन्ही टोकांना जळतो, त्या घराने तो विचारपूर्वक निवडला पाहिजे. गोराईस जे लागू, तेच आपल्या राज्यातील कोणत्याही खेड्यास लागू आहे.

आज तीन प्रकारचे दिवे आपल्या परिचयाचे आहेत. पहिला जुना तारेचा पिवळा बल्ब. त्यातील टंगस्टनची बारीक तार वीजप्रवाहाने सुमारे अडीच हजार अंशांपर्यंत तापते व प्रकाश देते. परंतु घेतलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणूनच जळत्या बल्बास हात लावता येत नाही. दुसरा सीएफएल दिवा. हा वीज पुष्कळ वाचवितो, पण त्यात अल्प प्रमाणात पारा असतो. तिसरा एलईडी दिवा. यात तार तापवावी लागत नाही. अर्धवाहक पदार्थाच्या लहानशा तुकड्यातून थेट प्रकाश निघतो. ज्या निळ्या एलईडीच्या शोधामुळे असा पांढरा प्रकाश शक्य झाला, त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हिशेब पाहू. ६० वॅटच्या जुन्या बल्बाइतका उजेड सीएफएल सुमारे १४ वॅटमध्ये आणि एलईडी सुमारे ९ वॅटमध्ये देतो. दिवा रोज ५ तास जळतो असे धरल्यास जुना बल्ब महिन्यास ९ युनिटे घेईल, तर एलईडी १.३५ युनिट घेईल. म्हणजे एका दिव्यामागे महिन्याला ७.६५ युनिटांची बचत झाली. युनिटमागे ८ रुपये पडतात असे समजल्यास हे ६१ रुपये होतात. दिव्यास १०० रुपये मोजले असले तरी दोन महिन्यांत ते परत मिळतात. प्रत्येकाने आपल्या बिलावरील दर घेऊन हा गुणाकार स्वतः करावा.

यात आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढत जातो. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी व त्यापुढील युनिटांचा दर अधिक असतो. महिन्यास १२५ युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाने असे चार बल्ब बदलले, तर सुमारे ३० युनिटे वाचून वापर १०० च्या आत येतो. म्हणजे जी युनिटे सर्वांत महाग पडत होती, तीच प्रथम गळून पडतात.

मात्र घरातील सर्व दिवे एकाच दिवशी बदलण्याची घाई करण्याचे कारण नाही. न्हाणीघरातील जो दिवा दिवसातून पाव तासच जळतो, तो बदलून महिन्यास जेमतेम तीन रुपये वाचतील. याकरिता जो दिवा सर्वांत अधिक वेळ जळतो, तो प्रथम बदलावा. स्वयंपाकघर, ओटी व मुलांच्या अभ्यासाची जागा यांचा क्रम बहुधा पहिला लागेल.

“महागाचा दिवा आणला आणि वर्षात गेला, तर?” हा प्रश्न घरची गृहिणी विचारते व तो रास्त आहे. फेरीवाल्याकडून घेतलेला बिननावाचा दिवा लवकर बंद पडला की साऱ्या नव्या दिव्यांवरचाच विश्वास उडतो. म्हणून खरेदी करताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन आणि हमीची मुदत पाहून घ्यावी. केवळ वॅट न पाहता खोक्यावर लिहिलेले ल्युमेनही पाहावेत. ल्युमेन हे उजेडाचे माप आहे, वॅट हे खर्चाचे. बिल जपून ठेवावे आणि दिव्याच्या बुडाशी खरेदीची तारीख शाईने लिहावी, म्हणजे हमीच्या वेळी वाद राहत नाही.

समुद्रकाठच्या गावांनी विशेष दक्षता घ्यावी. खाऱ्या हवेने होल्डरच्या पिना गंजतात, जोड सैल होतो व चांगला दिवाही फडफडून निकामी होतो. अशा वेळी दोष दिव्याचा नसून होल्डरचा असतो. मुख्य कळ बंद करून, हात कोरडे ठेवून, गंजलेला होल्डर जाणकाराकडून बदलून घ्यावा. एलईडीची उष्णता बुडाकडे साठते. म्हणून तो पूर्ण बंद काचेच्या हंडीत बसवू नये. अंगणातील दिव्यावर मात्र पावसाचे आच्छादन हवे. तेथे पिवळसर छटेचा दिवा लावल्यास किडेही कमी जमतात.

सीएफएल फुटल्यास खिडक्या उघडून काही वेळ बाहेर जावे. नंतर तुकडे झाडूने न लोटता जाड पुठ्ठ्याने उचलून पिशवीत बंद करावेत.

जुना बल्ब सर्वस्वी टाकाऊ आहे, असे मात्र नव्हे. कोंबडीच्या लहान पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. तेथे बल्बाची ‘वाया जाणारी’ उष्णताच उपयोगी पडते. तेथे एलईडी लावल्यास उजेड मिळेल, पण पिले गारठून दगावतील.

या दिव्यांच्या प्रसारास सरकारी प्रयत्नांचीही जोड मिळाली. ५ जानेवारी २०१५ रोजी देशव्यापी योजना सुरू झाली. पुढे ती ‘उजाला’ या नावाने ओळखली गेली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. एकत्रित खरेदीमुळे २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपयांस पडणारा दिवा काही वर्षांतच ४० रुपयांच्या आत सरकारला मिळू लागला.

कार्यकर्त्यांनी केवळ भाषण न करता प्रात्यक्षिक करून दाखवावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो याचा आकडा मीटरवर छापलेला असतो. हा आकडा ३२०० असल्यास घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून ६० वॅटचा बल्ब दहा मिनिटे लावावा. लाल दिवा ३२ वेळा लुकलुकेल. मग ९ वॅटचा एलईडी लावावा. तो सुमारे ५ वेळाच लुकलुकेल. मोजण्याचे काम घरातील शाळकरी मुलास द्यावे. त्याने ओट्यावर खडूने लिहिलेले ३२ आणि ५ हे दोन आकडे पाहून घरातील वडीलधाऱ्यांना निर्णय घेणे कठीण जाणार नाही.