‘सुपरवाइज’ आणि एक उपरा ‘ऑन’

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

पळस्पे फाट्यावरच्या विजेच्या खांबांवर एक जाहिरात बारा महिने चिकटलेली असते. कागदाचा रंग बदलतो, मजकूर तोच : ‘गोदामासाठी सुपरवायझर पाहिजे.’ पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा रस्ता इथेच एकमेकांपासून वेगळे होतात. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि पुढे या बाजूला कंटेनर आणि गोदामे वाढतच गेली. त्यामुळे ज्याने इंग्रजीचे पुस्तक कधी उघडले नाही, त्यालाही आमच्या गावात हा शब्द ठाऊक आहे. मात्र ठाऊक आहे तो नाम म्हणून. त्या नामामागचे क्रियापद वाक्यात कसे चालवायचे, हे मलाही परवापरवापर्यंत येत नव्हते.

माझे बाबा एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतात. बारा जणांची टोळी आहे, बाबा तिचे मुकादम. कोणती पेटी खाली, कोणती वर, थप्पी किती उंच लावायची, नवा पोरगा गोणी पाठीवर घेताना कंबर कशी वाकवतो, हे सारे तेच पाहतात. तिथली सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा ते मला म्हणाले, “बाय, इंग्रजीत एक अर्ज लिहून दे.” घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तेव्हा इंग्रजी हे खाते माझ्याकडे!

मी बाबांच्या वतीने मोठ्या ऐटीत लिहिले : ‘आय ॲम सुपरवायझिंग ऑन ट्वेल्व्ह वर्कर्स सिन्स फोर्टीन इयर्स.’ वहीतले ते पान इंग्रजीच्या सरांना दाखवले. सर हसले नाहीत. पेन्सिलीने त्यांनी ‘ऑन’ खोडला, ‘सिन्स’खाली रेघ ओढली आणि म्हणाले, “हे इंग्रजी अक्षरांतले मराठी आहे. कसे, ते तूच शोधून काढ.” त्या शोधात जे हाती लागले ते माझ्यासारखीच चूक करणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी इथे मांडते.

पहिला गुन्हेगार आपला ‘वर’. मराठीत आपण कामगारांवर देखरेख ठेवतो, मुलांवर लक्ष ठेवतो, दुधावर नजर ठेवतो. जिथे पाहणे आले, तिथे ‘वर’ आलाच. म्हणून हात आपोआप ‘ऑन’ लिहितो. इंग्रजीत मात्र हे क्रियापद सकर्मक आहे. त्याला कर्म थेट लागते, मध्ये कोणी दलाल नको. ‘ही सुपरवायझेस द वर्कर्स’, बस्स. माणसेच कर्म असली पाहिजेत असेही नाही. काम, परीक्षा, मुलांचा खेळ, रस्त्याचे बांधकाम यांपैकी काहीही चालते : ‘शी सुपरवाइज्ड द एक्झामिनेशन.’

गंमत अशी की तो ‘वर’ शब्दाच्या पोटात आधीच बसलेला आहे. लॅटिनमध्ये ‘सुपर’ म्हणजे वर आणि ‘व्हिदेरे’ म्हणजे पाहणे. वरून पाहणे ते सुपरवाइज. मग पुन्हा ‘ऑन’ लिहिणे म्हणजे ‘वरवर देखरेख’ ठेवण्यासारखे झाले, आणि मराठीत त्याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. (हे व्याकरणाचे कारण नव्हे, लक्षात ठेवण्याची खूण आहे. मला ती उपयोगी पडली.) याच ‘पाहण्या’मुळे स्पेलिंगचाही घोळ सुटतो. ‘रिव्हाइज’ आणि ‘टेलिव्हाइज’ याच घरातले, म्हणून शेवटी एस, झेड कधीच नाही. आणि सुपरवायझरच्या शेवटी ‘ओ-आर’ येते. फाट्यावरच्या निम्म्या जाहिरातींत ‘ई-आर’ असते, तिकडे पाहून शिकू नये.

नाम वापरले की मात्र मध्ये शब्दयोगी लागते : ‘अंडर द सुपरव्हिजन ऑफ’. हे आपल्या ‘च्या देखरेखीखाली’शी इतके जुळते की तिथे आपण सहसा चुकत नाही.

दुसरी चूक काळाची. ‘चौदा वर्षांपासून करतो’ असे आपण वर्तमानकाळात बोलतो. इंग्रजीला तेवढ्याने भागत नाही. जे मागे सुरू झाले आणि अजून चालू आहे त्यासाठी तिथे ‘हॅव सुपरवाइज्ड’ किंवा ‘हॅव बीन सुपरवायझिंग’ लागते. शिवाय मुदत सांगायची तर ‘फॉर फोर्टीन इयर्स’. ‘सिन्स’पुढे सुरुवातीचा क्षण हवा : एखादे साल, सोमवार, दिवाळी.

जवळचे शब्दही तपासून घेतले पाहिजेत. ‘ओव्हरसी’ हा सख्खा भाऊ. बांधकाम खात्यातला ओव्हरसिअर त्यातूनच आला. पण ‘ओव्हरलुक’पासून सावध! दिसायला तो तसाच, वर आणि पाहणे. आज मात्र त्याचा नेहमीचा अर्थ नजरेतून सुटणे किंवा कानाडोळा करणे असा आहे. अर्जात तो शब्द पडला असता तर बाबा चौदा वर्षे कामगारांकडे दुर्लक्ष करीत होते असे ठरले असते. ‘इन्स्पेक्ट’ही वेगळा. इन्स्पेक्टर येतो, तपासतो, निघून जातो. सुपरवाइज करणारा काम संपेपर्यंत तिथेच असतो.

परीक्षेच्या वर्गात आपल्या उत्तरपत्रिकेवर ‘ज्युनिअर सुपरवायझर’ सही करतो, त्याला इंग्लंडात ‘इन्व्हिजिलेटर’ म्हणतात. तो शब्द जागे राहण्यावरून आला आहे. उन्हाळ्यातल्या दुपारच्या पेपरला हे नाव आपल्याकडेही आणावे असे वाटते, अर्थात आपले प्राध्यापक रागावणार नसतील तर.

सरकारी मराठीत सुपरवायझरला ‘पर्यवेक्षक’ म्हणतात. जनगणनेत घरोघर जातो तो प्रगणक, त्याचे काम पाहतो तो पर्यवेक्षक. परि म्हणजे सभोवार, अव म्हणजे खाली, ईक्ष् म्हणजे पाहणे. म्हणजे संस्कृतातही पाहणारा उंचावरच उभा! आपल्या बोलण्यातला मुकादम मात्र निराळा. तो अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याचा अर्थ ‘पुढे ठेवलेला’ असा आहे. जुन्या दख्खनी कागदपत्रांत गावच्या पाटलाला मोकदम म्हटलेले सापडते. एक शब्द वर उभा करतो, दुसरा पुढे. उंचावरचा माणूस गोणी उचलत नाही, पुढचा उचलतो. हा फरक मला कोशात दिसला त्याआधी बाबांच्या खांद्यावर दिसला होता. पण लक्षात आला तो कोश पाहिल्यावर, हेही खरे.

अर्ज पुन्हा लिहायला बसले तेव्हा बाबांनी विचारले, “मी कुठला सुपरवायझर? ते लिवलंस तर खोटं नाय होणार?” तेव्हा नुकते शिकलेले व्याकरण कामी आले. मी म्हटले, “बाबा, ‘आय ॲम अ सुपरवायझर’ असे लिहिले तर खोटे होईल, कारण ते पद आहे आणि ते गोदामवाले देतात. पण ‘आय सुपरवाइज’ ही क्रिया आहे. ती तुम्ही रोज करता. त्याला कोणाचे पत्र लागत नाही.” बाबा काही बोलले नाहीत, पण चहाचा कप बाजूला ठेवून जवळ सरकून बसले.

मी नवे वाक्य वाचून दाखवले : ‘आय हॅव सुपरवाइज्ड ट्वेल्व्ह वर्कर्स फॉर फोर्टीन इयर्स.’ मग त्याचा मराठीत अर्थ सांगितला. ते थोडा वेळ बोटांवर काही मोजत राहिले.

“बारा नाय,” ते म्हणाले. “अकरा लिव. बारावा मीच ना.”

मी ‘ट्वेल्व्ह’ खोडून ‘इलेव्हन’ केले. खाली त्यांनी मराठीत सही केली.